हरणाला धडकलेली गाडी दान करायची आहे: करात खरंच किती वजावट मिळते?

रानवारा · २३ नोव्हेंबर २०२५

नमस्कार मंडळी. आम्ही अमेरिकेत सेंट्रल न्यू जर्सीत राहतो. गेल्या आठवड्यात अंधार पडल्यावर गाडीसमोर हरीण आडवं आलं. आम्हाला कुणाला काही लागलं नाही, पण २००९ची कॅमरी पुढून चेपली आहे. बॉनेट, रेडिएटर, एक हेडलाइट आणि बंपर गेले. इंजिन चालू होतं, पण गाडी रस्त्यावर नेण्यासारखी नाही. मेकॅनिकने दुरुस्तीचे साधारण ३,८०० डॉलर सांगितले. गाडी जुनी म्हणून आम्ही इन्शुरन्स फक्त लायबिलिटीचा (दुसऱ्याच्या नुकसानीपुरता) ठेवला होता, त्यामुळे तिकडून काही मिळणार नाही.

रेडिओवर सारखी जाहिरात लागते की गाडी कशीही असली तरी दान करा, टो (गाडी ओढून नेणं) फुकट, करात पूर्ण वजावट. धडकेआधी केली ब्लू बुकवर (जुन्या गाड्यांचे भाव सांगणाऱ्या संकेतस्थळावर) या गाडीची किंमत ४,५०० च्या आसपास दिसत होती. तेवढी वजावट मिळते का? नवरा म्हणतो, जंकयार्डला फोन कर आणि मोकळी हो. माझ्या मनात आहे की ही गाडी कुणाच्या तरी उपयोगी पडावी. मुलं तिच्यातच लहानाची मोठी झाली. अनुभव असलेल्यांनी कृपया नीट सांगावं.

पाना_पक्कड · २३ नोव्हेंबर

४,५०० विसरा. ती धड गाडीची किंमत होती. आज अंगणात उभी आहे त्या गाडीची किंमत वेगळी. रात्री सविस्तर लिहितो.

हिशेबनीस · २३ नोव्हेंबर

रानवाराताई, मी इथे बरीच वर्षं लोकांचे टॅक्स रिटर्न भरतो. दर मार्चमध्ये हा प्रश्न येतो आणि तोवर गाडी गेलेली असते. तुम्ही आधी विचारलंत हे फार बरं झालं.

२००४ सालापर्यंत लोक ब्लू बुकातली किंमत लावायचे आणि तीच वजावट म्हणून घ्यायचे. त्याचा इतका गैरवापर झाला की त्या वर्षी कायदा बदलला आणि १ जानेवारी २००५ पासून नवा नियम आला. तुम्ही ५०० डॉलरपेक्षा जास्त वजावट मागत असाल आणि संस्थेने गाडी विकून टाकली, तर वजावट गाडी जितक्याला विकली गेली तितकीच. लिलावात ९०० आले तर ९००. ब्लू बुक काय म्हणतं याला तिथे किंमत नाही.

गाडी ५०० किंवा त्याहून कमी किमतीत गेली, तर दान करतेवेळची बाजारभावाची किंमत किंवा ५०० यांपैकी जी कमी ती घेता येते. म्हणजे लिलावात २७५ आले पण मोडक्या अवस्थेतही तिची प्रामाणिक किंमत ६०० होती, तर ५०० घेता येतील. यासाठीही संस्थेचं लेखी पत्र हवंच.

विकली तरच हा नियम. संस्था ती गाडी स्वतःच्या कामासाठी खऱ्या अर्थाने वापरणार असेल, तिच्यात मोठी दुरुस्ती करणार असेल, किंवा गरजू माणसाला फुकट वा अगदी कमी किमतीत देणार असेल, तर बाजारभावाची किंमत धरता येते. तीही दिल्या दिवशीची, चेपलेल्या गाडीची. धुणं-पुसणं, रंग देणं, पोचे काढणं हे मोठ्या दुरुस्तीत मोडत नाही, हे आयआरएसने (अमेरिकेच्या कर खात्याने) स्पष्ट लिहिलेलं आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ही वजावट उत्पन्नातून होते, करातून नाही. तुम्ही कराच्या २२ टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर ९०० डॉलरच्या वजावटीने हातात १९८ डॉलर राहतात. आणि तेही तुम्ही आयटमाइझ करत असाल, म्हणजे एकेक वजावट मोजून घेत असाल, तरच. स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे सरसकट ठरलेली वजावट, घेत असाल तर गाडीचे शून्य. गेल्या वर्षी तुम्ही काय घेतलं होतं?

रानवारा · २३ नोव्हेंबर

स्टँडर्ड. काका, मग जाहिरातीतलं ते 'पूर्ण वजावट' म्हणजे काय?

हिशेबनीस · २३ नोव्हेंबर

विक्रीची पूर्ण रक्कम, एवढाच त्याचा अर्थ. एक गोष्ट मात्र खरी आहे की टो आणि लिलावाचा खर्च कापण्याआधीची एकूण विक्री धरली जाते. संस्थेच्या हातात त्यातून कमी पडतं, वजावट तुम्हाला पूर्ण रकमेची मिळते.

पण 'गेल्या वर्षी स्टँडर्ड' म्हणून यंदाही तेच असं धरू नका. राज्य आणि स्थानिक करांच्या वजावटीवर १०,००० ची मर्यादा होती ती २०२५ साठी ४०,००० झाली आहे. जर्सीत प्रॉपर्टी टॅक्स किती असतो ते आपल्याला माहीत आहे. समजा तुमचा प्रॉपर्टी टॅक्स १३,०००, राज्याचा आयकर ९,००० आणि घराच्या कर्जाचं व्याज ८,०००. झाले ३०,०००. जोडप्याचं स्टँडर्ड डिडक्शन २०२५ साठी ३१,५०० आहे. मंडळ, मंदिर, शाळा असं मिळून वर्षभरात २,००० दिले असतील तर बेरीज ३२,०००, म्हणजे तुम्ही आधीच रेषेच्या वर आहात आणि गाडीचा प्रत्येक डॉलर कामी येईल. दुसरी देणगी काहीच नसेल तर ३०,००० अधिक ९०० करूनही तुम्ही रेषेखालीच राहता. तुमचे आकडे घेऊन ही बेरीज आधी करा, बाकी सगळं नंतर.

न्यू जर्सीच्या राज्य-करात दानाची अशी वजावट नाही, पेनसिल्व्हेनियातही नाही. म्हणजे तुमच्या बाबतीत जो काही फायदा व्हायचा तो फेडरलमध्येच (केंद्राच्या करातच).

सह्यकडा · २४ नोव्हेंबर

कॅलिफोर्नियावाल्यांसाठी भर घालतो. इथे फेडरलला स्टँडर्ड घेऊन राज्याला आयटमाइझ करता येतं, आणि राज्याचं स्टँडर्ड डिडक्शन फार लहान आहे (२०२४ मध्ये जोडप्याला ११,०८०). त्यामुळे फेडरलमध्ये उपयोग नाही म्हणून पावती फेकू नका.

तळ्याकाठी · २४ नोव्हेंबर

एक प्रश्न. दान राहू दे, अपघाताने जे नुकसान झालं तेच करात दाखवता येत नाही का? माझ्या मोठ्या दिरांनी पूर्वी कधीतरी दाखवलं होतं असं आठवतं.

हिशेबनीस · २४ नोव्हेंबर

पूर्वी येत असे. २०१८ पासून वैयक्तिक मालमत्तेचं नुकसान केंद्राने जाहीर केलेल्या आपत्तीत झालं असेल तरच चालतं. २०२५च्या नव्या कायद्याने २०२६ पासून राज्याने जाहीर केलेल्या काही आपत्तीही त्यात घेतल्या आहेत. वादळाच्या पुरात गाडी बुडाली तर विचार करता येईल. हरणाच्या धडकेला नाही.

पाना_पक्कड · २४ नोव्हेंबर

ओहायोत माझं छोटं गॅरेज आहे. तुम्ही फोन केल्यावर गाडीचं पुढे काय होतं ते सांगतो, कारण दान करणाऱ्याला ते कुणी सांगत नाही.

बहुतेक संस्था गाडीला हातही लावत नाहीत. गाड्या गोळा करणारी मधली कंपनी असते, ती टो पाठवते आणि गाडी थेट लिलावाच्या यार्डात जाते. तिथे तिचे दोन प्रकारचे गिऱ्हाईक. एक, दुरुस्त करून विकणारा. दुसरा, सुटे भाग आणि लोखंडाच्या वजनावर घेणारा. तुमच्या कॅमरीचं इंजिन आणि गिअरबॉक्स धड असेल तर पहिला गिऱ्हाईक मिळू शकतो, कारण त्या वर्षांच्या कॅमरीचे भाग कुठेही मिळतात. गाडी सुरू होत असेल तर फॉर्ममध्ये 'सुरू होते' असं आवर्जून लिहा. 'बंद' लिहिलेली गाडी यार्डवाले पाहतसुद्धा नाहीत, वजनावर जाते. पण रेडिएटर फुटलाय म्हणता, तर खात्री करायला म्हणून पुन्हा पुन्हा सुरू करू नका. पाणी नसताना इंजिन तापलं की हेड गॅस्केट जातं आणि उरलीसुरली किंमतही.

कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (इंजिनाचा धूर शुद्ध करणारा भाग) जागेवर आहे ना ते खाली वाकून बघा. त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असतं, आणि भंगारात गेलेल्या गाडीच्या किमतीचा मोठा हिस्सा तोच असतो. चोरीला गेला असेल तर अनेक संस्था गाडीच घेत नाहीत.

आणि जंकयार्डला एकच फोन करू नका. तीन-चार ठिकाणी विचारा, व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक) द्या, 'टो धरून हातात किती' असं विचारा. दारात आल्यावर भाव पाडतात, तेव्हा ठाम राहा. पैसे हातात पडल्याशिवाय टायटलवर (गाडीच्या मालकीच्या कागदावर) सही नाही.

चाफा · २४ नोव्हेंबर

रानवारा, तुझं ते 'कुणाच्या तरी उपयोगी पडावी' वाचून लिहितेय. मी मेरीलँडमध्ये आहे. आमच्याकडे व्हेइकल्स फॉर चेंज नावाची संस्था १९९९ पासून हेच काम करते. दान आलेल्या गाड्यांपैकी ज्या जगण्यासारख्या असतात त्या त्यांच्या गॅरेजात दुरुस्त होतात आणि कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना अगदी थोड्या पैशांत मिळतात. दुरुस्ती शिकणाऱ्यांत तुरुंगातून सुटून आलेली माणसं असतात. इथे बस नसलेल्या गावात राहणाऱ्या बाईला गाडी मिळते म्हणजे काय मिळतं हे मी जवळून पाहिलंय. दोन बसा बदलून पहाटेच्या शिफ्टला जाणारी आई मुलाला स्वतः डेकेअरला सोडू लागते.

सगळ्या गाड्या अशा दिल्या जात नाहीत, फार मोडलेल्या त्याही विकून पैसा कामाला लावतात. तुझी चेपलेली कॅमरी कुठल्या गटात जाईल ते फोनवर विचारून घे. तुझ्या भागातही असं काम करणारे असतील. कम्युनिटी कॉलेजच्या ऑटो विभागाला विचार, मुलांना शिकायला अशाच गाड्या लागतात. काही ठिकाणी स्वयंसेवी अग्निशमन दलं गाडी कापून माणूस बाहेर काढायच्या सरावासाठी घेतात. विचारायचा प्रश्न एकच: 'गाडी तुम्ही वापरणार, देणार की विकणार, आणि ते कागदावर लिहून देणार का?'

हिशेबनीस · २४ नोव्हेंबर

चाफाताईंनी नेमका प्रश्न दिला. त्याचं उत्तर फॉर्म १०९८-सी (गाडीदानाची पावती) वर येतं. संस्थेने विक्रीपासून ३० दिवसांत, किंवा गाडी ठेवून घेणार असेल तर दानापासून ३० दिवसांत तो द्यायचा असतो. विकली असेल तर विक्रीची तारीख आणि रक्कम चौथ्या रकान्यात. वापर किंवा दुरुस्ती असेल तर ५ए, गरजूला दिली तर ५बी. सातव्या रकान्यात खूण असेल तर ५०० च्या वर काही मागता येत नाही. व्हीआयएन आणि तुमचा सोशल सिक्युरिटी नंबर बरोबर आहे का ते पाहून घ्या. ५०० च्या वर वजावट घ्यायची तर हा फॉर्म रिटर्नला जोडावाच लागतो. शिवाय वर्षभरात कपडे, फर्निचर, गाडी अशा वस्तुरूप दानांची वजावट मिळून ५०० च्या वर गेली की फॉर्म ८२८३ भरायचा. लोक गाडीचा फॉर्म जोडतात आणि हा विसरतात.

गाडी कधी विकली गेली याने वर्ष ठरत नाही. ३१ डिसेंबरला ताब्यात दिली आणि लिलाव जानेवारीत झाला, तरी दान २०२५चंच.

उंबरठा · २५ नोव्हेंबर

कागदपत्रांबद्दल मी तळमळीने सांगतेय. आमच्याकडून दोन वर्षांपूर्वी एका संस्थेसाठी टो घेऊन आलेल्या माणसाने टायटलवर घेणाऱ्याचं नाव कोरं ठेवायला सांगितलं. 'पुढे सोपं जातं' म्हणाला. ती गाडी पुढे कुणाकडे गेली देव जाणे, पण कित्येक महिने टोलची बिलं आणि पार्किंगचे दंड आमच्या पत्त्यावर येत राहिले. नवऱ्याने प्रत्येक नोटिशीला उत्तर दिलं, दान केल्याची पावती जोडली, तेव्हा कुठे थांबलं.

म्हणून टायटलवर संस्थेचं पूर्ण नाव, तारीख आणि ओडोमीटर स्वतःच्या हाताने लिहा आणि फोटो काढा. दोघांच्या नावावर गाडी असेल आणि मध्ये 'अँड' असेल तर दोघांच्या सह्या लागतात. कर्ज फिटलेलं असलं तरी बँकेचं लिन रिलीजचं (गाडीवरचा हक्क सोडल्याचं) पत्र हाताशी ठेवा. ईझीपास (टोल भरायचं उपकरण) काचेवरून काढून घ्या, ग्लव्ह बॉक्समधले रजिस्ट्रेशनचे कागद काढा. न्यूयॉर्कमध्ये नंबराच्या पाट्या परत केल्याशिवाय इन्शुरन्स बंद करू नका, रजिस्ट्रेशन निलंबित होतं. जर्सीतही पाट्या काढून मोटार व्हेइकलला (राज्याच्या वाहन खात्याला) परत द्यायच्या.

सह्यकडा · २५ नोव्हेंबर

कॅलिफोर्नियात पाट्या सहसा गाडीवरच राहतात, पण ५ दिवसांत डीएमव्हीला (इथल्या वाहन खात्याला) मालकी सोडल्याची नोटीस ऑनलाइन द्यायची. पेनसिल्व्हेनियात देणाऱ्याची सही नोटरीसमोर व्हावी लागते, माझ्या बहिणीला टो दारात उभा असताना ते कळलं.

रानवारा · २५ नोव्हेंबर

खूप आभार सगळ्यांचे. हिशेबनीसकाका, आकडे मांडले. यंदा आमची बेरीज २९,००० च्या थोडी पुढे जाते. म्हणजे रेषेखालीच. मग जानेवारीत दिली तर काही बदलेल का?

हिशेबनीस · २५ नोव्हेंबर

बदलेल, पण गाडीच्या बाजूने नाही. नीट वाचा, कारण २०२६ पासून दोन नियम नवे आहेत आणि तुमचा निर्णय यावरच ठरेल असं मला वाटतं.

पहिला, आयटमाइझ करणाऱ्यांसाठी. दानाच्या वजावटीतून तुमच्या समायोजित उत्पन्नाचा अर्धा टक्का आधी वजा होईल. उत्पन्न १,८०,००० असेल तर पहिले ९०० डॉलर धरलेच जाणार नाहीत. वर्षभरात तेवढंच एक दान असेल आणि गाडी ९०० ला गेली, तर हातात काहीच नाही. ज्यांची यंदा आयटमाइझची बेरीज बसते त्यांनी म्हणून ३१ डिसेंबरच्या आत गाडी द्यावी.

दुसरा, स्टँडर्ड घेणाऱ्यांसाठी, म्हणजे तुमच्यासाठी. २०२६ पासून एकट्याला १,००० आणि जोडप्याला २,००० पर्यंतचं दान स्टँडर्ड डिडक्शन घेऊनही वजा करता येईल. पण फक्त पैशांचं. गाडी, कपडे, वस्तू त्यात नाहीत.

आता हे पानाभाऊंच्या सल्ल्याशी जोडा. समजा जंकयार्ड तुम्हाला ६०० देतो. घेतल्यापेक्षा कमी किमतीत विकलेल्या घरच्या गाडीवर कर लागत नाही. ते ६०० जानेवारीत चेकने किंवा कार्डाने संस्थेला द्या, पावती ठेवा. २२ टक्क्यांनी १३२ डॉलर कर वाचतो. संस्थेला पूर्ण ६०० मिळतात, मधल्या कंपनीचा वाटा नाही, लिलावाचा खर्च नाही. तुमच्या किंवा यजमानांच्या कंपनीत देणगीला जोड द्यायची योजना असेल तर कंपनी तेवढेच आणखी घालते. गाडीच्या दानाला अशी जोड सहसा मिळत नाही.

मोडक्या गाडीच्या बाबतीत आपल्यापैकी बहुतेकांसाठी हाच मार्ग संस्थेच्याही भल्याचा आणि आपल्याही. जाहिरात हे कधी सांगणार नाही, म्हणून मी सांगतो. पैसे कुठे द्यायचे याचंही मग स्वातंत्र्य राहतं. गावाकडच्या ट्रस्टला थेट पाठवलेत तर इथे वजावट नाही. इथे नोंदणी असलेल्या, तिकडच्या कामांना मदत करणाऱ्या महाराष्ट्र फाउंडेशनसारख्या संस्थेमार्फत दिलेत तर आहे. आपलं स्थानिक मंडळ पात्र आहे का ते आयआरएसच्या संकेतस्थळावर नाव टाकून तपासता येतं.

जुनी_वाट · २६ नोव्हेंबर

हिशेब पटला, पण एक बाजू राहिली. मी मिशिगनमध्ये एकटी राहते, वय ७४. यजमान गेल्यावर त्यांची गाडी दीड वर्ष ड्राइव्हवेवर उभी होती. जंकयार्डवाल्यांशी घासाघीस करणं, अनोळखी माणसांना दारात बोलावणं माझ्याने होणार नव्हतं. आमच्या पब्लिक रेडिओला फोन केला. दोन दिवसांत माणूस आला, अदबीने बोलला, कागद नीट भरून घेतले. वजावट मी घेतलीच नाही. मला तो रेडिओ रोज सोबत करतो, त्याला काही देता आलं याचं समाधान मोठं होतं. ज्याला जमेल त्याने विकून पैसे द्यावेत. ज्याला जमणार नाही त्याने गाडी देताना संकोच करू नये.

हिशेबनीस · २६ नोव्हेंबर

मावशी, तुमचं अगदी खरं आहे.

निवडुंग · २६ नोव्हेंबर

मी ॲरिझोनात एमएसला आहे, एफ-१ (विद्यार्थी) व्हिसा, तिसरं वर्ष. मे महिन्यात परत नाशिकला जाणार. रूममेटकडून घेतलेली जुनी सिव्हिक आहे, तिचं ट्रान्समिशन गेलंय. मला काही मिळतं का?

हिशेबनीस · २६ नोव्हेंबर

तू करासाठी अजून नॉन-रेसिडेंट आहेस. इतर देशांच्या बहुतेक विद्यार्थ्यांना स्टँडर्ड डिडक्शन मिळत नाही, पण भारत-अमेरिका करारातल्या कलम २१(२) मुळे भारतीय विद्यार्थ्यांना मिळतं. असिस्टंटशिपच्या पगारावर ते घेणंच तुझ्या फायद्याचं, आणि ते घेतलं की गाडीच्या दानाची वजावट नाही. गाडी विक. परतीच्या तिकिटाला पैसे लागतील, त्यात काही कमीपणा नाही. फक्त शेवटच्या आठवड्यावर ठेवू नकोस. मालकी बदलल्याची नोंद तू इथे असतानाच होऊ दे, नाशिकहून ती निस्तरणं अवघड.

पेठेतला · २७ नोव्हेंबर

पुण्याहून वाचतोय. भारतात असं करता येत नाही ना?

सह्यकडा · २७ नोव्हेंबर

नाही. दानाच्या वजावटीच्या कलमाखाली (१९६१च्या आयकर कायद्यात ते ८०जी) फक्त पैशांचं दान चालतं, वस्तूंचं नाही, आणि रोख दिलं तर २,००० रुपयांपर्यंतच. नव्या कर-प्रणालीत ही वजावट नाहीच. तुमच्याकडे जुनी गाडी असेल तर नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रात द्या, ते ठेव प्रमाणपत्र देतात. त्यावर नव्या खाजगी गाडीच्या मोटार वाहन करात सवलत मिळते. केंद्राच्या नियमात ती २५ टक्क्यांपर्यंत आहे, राज्यागणिक कमी-जास्त. गल्लीतल्या भंगारवाल्याला दिलीत तर हे प्रमाणपत्र मिळणार नाही आणि आरटीओत गाडी तुमच्याच नावावर राहील.

रानवारा · ४ डिसेंबर

कळवायचं राहिलं होतं. चार यार्डांना फोन केले. भाव ३५० पासून ६५० पर्यंत आले, एकाच गाडीला! कम्युनिटी कॉलेजलाही विचारलं, त्यांच्याकडे जागा नाही. चाफा, तू म्हणतेस तशा जवळच्या एका संस्थेशी बोलले. त्यांनी फोटो मागवले आणि प्रामाणिकपणे सांगितलं की पुढचा सांगाडा वाकलाय, आम्ही ही दुरुस्त करून कुणाला देणार नाही, लिलावातच पाठवू. त्यांनी खरं सांगितलं म्हणूनच पैसे त्यांनाच द्यायचं ठरवलंय. ६५० वाल्याला शनिवारी बोलावलंय. पाट्या मी आधी काढून ठेवते. जानेवारीत तेवढा चेक संस्थेला जाईल, आणि यजमानांच्या कंपनीची जोड मिळते हे विचारल्यावरच कळलं.

पाना_पक्कड · ४ डिसेंबर

छान केलंत. शनिवारी तो 'कन्व्हर्टर ओरिजिनल नाही' म्हणून ५०० वर येईल. आजच खालून त्याच्यावरच्या नंबराचा फोटो काढून त्याला पाठवून ठेवा. आणि बॅटरी नवी असेल तर ती भावात धरलीय का विचारा.

रानवारा · ४ डिसेंबर

बॅटरी मार्चमध्येच बदलली होती. विचारते.